अंदमानची आखणी : आधी ओहोटीची वेळ, मग स्थळांची यादी

सागरगोटा

अंदमानच्या स्थळांची यादी सगळीकडे सारखीच मिळते: सेल्युलर जेल, रॉस, राधानगर, एलिफंट बीच, नील, बाराटांग. यादीत चूक नसते. चूक होते ती क्रमात आणि वेळांत. दुपारी दोनला नीलच्या किनाऱ्यावर पोहायला गेलं की समुद्र दोनशे पावलं आत सरकलेला असतो आणि समोर नुसते खडक. किंवा सूर्यास्त बघायला म्हणून सहाला निघावं तर बाहेर मिट्ट काळोख. हे टाळता येतं. त्यासाठी हा धागा.

आधी नावं, कारण तिकीट काढताना गोंधळ होतो. डिसेंबर २०१८ मध्ये हॅवलॉकचं स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. बोलताना अजून जुनीच नावं चालतात, पण बोटीच्या तिकिटावर नवी दिसू शकतात.

उजेड : पोर्ट ब्लेअर साधारण ९२.७ रेखांशावर आहे आणि आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं. म्हणजे तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटं पुढे. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, जूनमध्ये पावणेसहाला. उलट पहाटे साडेपाचला (उन्हाळ्यात पाचलाच) लख्ख उजाडतं. दिवस पहाटे पाच ते संध्याकाळी पाच असा धरा. राधानगरचा सूर्यास्त बघायचा तर साडेतीनला तिथे पोचलेलं बरं.

ओहोटी : नीलचा नैसर्गिक पूल (स्थानिक लोक त्याला हावडा ब्रिज म्हणतात) फक्त ओहोटीला नीट बघता येतो. त्याच नीलवर भरतपूरला पोहायचं तर पाणी भरलेलं हवं. हॅवलॉकच्या विजयनगर आणि गोविंदनगर किनाऱ्यांवर ओहोटीला पोहणं जमतच नाही, राधानगरला मात्र तळ उतरता आणि वाळूचा असल्याने फारसा फरक पडत नाही. तेव्हा जायच्या तारखांचा पोर्ट ब्लेअरचा भरती-ओहोटीचा तक्ता आधी काढा आणि त्यावर दिवस बसवा. हॅवलॉक-नीलसाठीही तोच चालतो, फरक मिनिटांचा.

बोट : बेटांमधला प्रवास बोटीवर आणि बोट हवामानावर. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. नीलवरून सकाळची बोट आणि दुपारचं विमान असा घाट अजिबात घालू नका. समुद्र खवळला की बोट रद्द होते आणि विमानाचे पैसे जातात.

सहा रात्रींचा सांगाडा असा. पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल आणि तिथला ध्वनिप्रकाश कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बोटीने हॅवलॉक, दुपारी राधानगर. तिसरा दिवस डायव्हिंग किंवा एलिफंट बीच. चौथ्या दिवशी नील. पाचव्याला ओहोटी बघून पूल, मग दुपारच्या बोटीने परत. सहावा दिवस राखीव: बोट चुकली असेल तर तो वापरायचा, नसेल तर रॉस किंवा वंडूर. सातव्या दिवशी विमान. सहावा दिवस 'वाया' वाटतो म्हणून लोक काढून टाकतात. तोच सगळ्यात कामाचा.

दीपमाळ

उत्तम धागा. वरच्या क्रमाला आणखी एक आधार आहे, तो स्कूबाचा. तिसऱ्या दिवशी डायव्ह आणि सातव्याला विमान, म्हणजे मध्ये भरपूर वेळ. एका डायव्हनंतर निदान १२ तास आणि एकाहून जास्त डायव्ह केल्या असतील तर निदान १८ तास विमानात बसायचं नाही. खोल पाण्यात दाबामुळे नायट्रोजन रक्तात आणि ऊतींमध्ये जास्त विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडत असतो. विमानाच्या केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी, त्यामुळे उरलेला नायट्रोजन बुडबुड्यांच्या रूपात सुटू शकतो आणि सांध्यांपासून मज्जारज्जूपर्यंत कुठेही इजा करू शकतो. तेव्हा सरसकट २४ तास ठेवा, हिशेबच करायला नको.

पहिल्यांदा डायव्ह करणाऱ्यांची अडचण बहुतेक वेळा श्वासाची नसते, कानाची असते. नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानाकडे ढकलायची, आणि दुखायला लागायच्या आधी ढकलायची. दर अर्ध्या-एक मीटरला एकदा. दुखल्यावर जोर लावला तर नाकाच्या मागून कानाकडे जाणारी नळी आणखी घट्ट बसते आणि कानाच्या पडद्याला इजा होते. दुखलंच तर प्रशिक्षकाला कानाकडे बोट दाखवून खूण करायची, अर्धा मीटर वर यायचं, पुन्हा करायचं. सर्दी असेल तर त्या दिवशी डायव्ह नाहीच. सर्दीची गोळी घेऊनही नाही, कारण तिचा असर पाण्यात असतानाच ओसरला तर वर येताना हवा कानात अडकते. दुसरा नियम, श्वास कधीही रोखून धरायचा नाही.

वयाची किमान अट १० वर्षं. दमा, हृदयविकार, फेफरं, कानाची शस्त्रक्रिया, गरोदरपण यांतलं काहीही असेल तर आरोग्याच्या अर्जावर खरं लिहा आणि डॉक्टरांचं पत्र घेऊनच जा. पोहता येणं सक्तीचं नसतं. चष्मा मास्कच्या आत बसत नाही, नंबरचे मास्क आहेत का ते आधी विचारून ठेवा.

शंखपुष्पी

ओहोटीचा तक्ता वाचायचा कसा, हे कोणी उदाहरणासहित सांगेल का? कोकणातला तिथीचा हिशेब तिथे लागू होतो का?

वल्हं

शंखपुष्पी, चांगला प्रश्न. तिथीच्या पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ (पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा) हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा आहे. अंदमानात तो जसाच्या तसा वापरायचा नाही. भरतीची लाट प्रत्येक बंदरावर चंद्राच्या मागून वेगवेगळ्या वेळाने पोचते. पण त्यातली दोन सूत्रं तिथेही लागू आहेत. भरती-ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण (भरती-ओहोटीतला फरक सगळ्यात जास्त), अष्टमीच्या आसपास भांग (फरक सगळ्यात कमी).

सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भरती-ओहोटीचे तक्ते काढतं, त्यात पोर्ट ब्लेअर आहे. हवामानाच्या बऱ्याच अॅपमध्येही मिळतात. समजा एका दिवशी तक्ता म्हणतो: ओहोटी ०६:४०, ०.३ मीटर, भरती १२:५०, २.० मीटर, ओहोटी १९:०५, ०.४ मीटर. याचा अर्थ नैसर्गिक पूल सकाळी, भरतपूरचं पोहणं अकरा ते दोन. पुलाकडे ओहोटीच्या दीड तास आधी निघायचं आणि ओहोटीनंतर तासाभरात परतीला लागायचं. पाणी परत येताना खडकांतल्या खाचा आधी भरते आणि परतीची वाट मागून बंद होते. पुढल्या दिवशी हेच सगळं साडेसात, पावणेदोन असं सरकेल.

आकडाही बघा, नुसती वेळ नको. भांगाला ओहोटीचं पाणी १ मीटरच्या आसपासच थांबतं, तेव्हा पुलाभोवतीचे खडक पुरते उघडे पडत नाहीत. मुंबईला उधाणाला चार मीटरच्या वर फरक पडतो, इथे दोनच्या जवळपास. तरीही पाणी इतकं दूर जातं, कारण प्रवाळाचा तळ जवळजवळ सपाट आहे.

थोडक्यात, खडकांच्या डबक्यांतले जीव बघायचे तर उधाणाचे दिवस, स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं) आणि डायव्हिंगला भांगाचे. भांगाला प्रवाह कमी, गाळ कमी उचलला जातो, पाण्यात लांबवर दिसतं.

खारफुटी

बाराटांगबद्दल वर कोणी काही लिहिलेलं नाही, आणि बहुतेक टूरवाले ते यादीत घालतातच. चुनखडीची गुहा, खारफुटीतून जाणारी अर्ध्या तासाची होडी, चिखलाचा ज्वालामुखी. होडीचा रस्ता खरोखर देखणा आहे. पण पोर्ट ब्लेअरपासून सुमारे १०० किलोमीटरच्या रस्त्यातला मोठा भाग जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या चौकीपासून मिडल स्ट्रेटपर्यंत गाड्या ताफ्यानेच सोडतात. पहिला ताफा सकाळी सहाचा, म्हणजे हॉटेलातून साडेतीन-चारला निघायचं. वाटेत थांबायचं नाही, ओव्हरटेक नाही, ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, काच खाली नाही, फोटो नाही, खाऊ देणं तर मुळीच नाही. १९५६ च्या आदिवासी संरक्षण नियमांखाली हा गुन्हा आहे आणि तुरुंगवास होऊ शकतो.

ही माणसं प्रदर्शनासाठी नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये राखीव जंगलातला हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला होता, तरी तो चालूच राहिला. कोणी ड्रायव्हर 'जारवा दिसतील' असं आमिष दाखवत असेल तर ती गाडी नाकारा. बाराटांगला २०१७ पासून समुद्रमार्गेही बोट आहे. जायचंच असेल तर ती चालू आहे का आणि तिच्या वेळा काय, हे पोर्ट ब्लेअरला पोचल्यावर पहिल्यांदा विचारा.

निवांत_भटक्या

खारफुटी, मुद्दा पटला. फक्त एक भर: नुसत्या वेळेच्या हिशेबानेही सहा रात्रींत बाराटांग बसत नाही. पहाटे साडेतीन ते संध्याकाळ एवढा दिवस जातो आणि प्रत्यक्ष गुहेत अर्धा तास. खारफुटीच बघायची तर हॅवलॉकला कयाक (वल्ह्याची छोटी होडी) घेऊन बघता येते. अमावास्येच्या जवळपास रात्री गेलात तर वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला पाणी निळसर चमकतं. पाण्यातले सूक्ष्म जीव हलवले की प्रकाश देतात. चांदणं असेल तर ते दिसत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आठवड्यात त्याचे पैसे भरू नका.

आणि रॉसला न जाता नॉर्थ बे असा बदल सुचवतात, तो घेऊ नका. नॉर्थ बे म्हणजे २० रुपयांच्या जुन्या नोटेवरच्या दृश्यातला दीपस्तंभ आणि वॉटर स्पोर्ट्सची गर्दी. रॉसवर ब्रिटिशांची अंदमानातली राजधानी होती. वडाच्या मुळांनी गिळलेलं चर्च, बेकरी, टेनिस कोर्ट, आणि निर्धास्त फिरणारी हरणं. दोन तास लागतात आणि सकाळी उन्हाआधी जाणं उत्तम.

सागरगोटा

वर सहाव्या दिवसात नुसतं वंडूर लिहिलं होतं, त्याबद्दल थोडं. वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची बोट सुटते. हे उद्यान १९८३ चं. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडतात. साधारण नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत जॉली बॉय, बाकी वेळ रेड स्किन. एकाला विश्रांती मिळावी म्हणून ही पाळी. वनखात्याचा परवाना आधी काढावा लागतो आणि रोजची संख्या मर्यादित असते. सोमवारी बंद. प्लास्टिकची पिशवी किंवा बाटली बेटावर नेता येत नाही. पाण्याच्या बाटल्या अनामत रक्कम भरून मिळतात आणि परत दिल्यावर रक्कम परत मिळते. बिस्किटाचा पुडासुद्धा डब्यात काढून घ्यावा लागतो. ही तपासणी कटकट मानू नका. तिथलं पाणी आणि प्रवाळ इतके स्वच्छ राहिलेत ते तिच्यामुळेच.

प्रवाळाबद्दल: २०१० च्या उन्हाळ्यात समुद्र तापून अंदमानचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले होते. जिथे पुन्हा धरलेत तिथे पायात घालायच्या पंखाच्या (म्हणजे फिन्सच्या) एका फटक्याने वर्षांची वाढ मोडते. पाण्यात उभं राहायचं झालंच तर फक्त वाळूवर. सनस्क्रीनचे थर लावण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला, पाठ त्यानेच वाचते.

दीपमाळ

स्नॉर्केलिंगचा मास्क घेताना एवढं करा: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हवा आत ओढा, हात सोडा. तसाच चिकटून राहिला तर माप बरोबर. पाणी शिरतं त्याचं कारण बहुतेक वेळा कडेखाली अडकलेले केस, आणि पट्टा आवळल्याने ते आणखी वाढतं. काच धुकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून एकदा विसळायची.

एलिफंट बीचला हॅवलॉकच्या जेट्टीवरून होडीने वीसेक मिनिटं लागतात. सकाळची पहिली होडी घ्या. दुपारी वारा वाढतो, गर्दीने तळाचा गाळ उठतो आणि काहीच दिसत नाही.

शंखपुष्पी

वल्हं, धन्यवाद, आता तक्ता कळला. सोबत ज्येष्ठ मंडळी असतील तर काय गाळावं? आणि मगरींचं ऐकलंय ते कितपत खरं?

खारफुटी

मगरींचं खरं आहे, आणि त्याबद्दल गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. खाऱ्या पाण्यातली मगर अंदमानात सगळीकडे आहे. २०१० मध्ये राधानगरच्या टोकाला नील्स कोव्हपाशी स्नॉर्केलिंग करणाऱ्या पर्यटकाचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. नियम साधे आहेत. खाडीच्या तोंडाशी, ओढा समुद्राला मिळतो तिथे आणि खारफुटीच्या कडेला पाण्यात उतरायचं नाही. पहाटे, तिन्हीसांजेला, रात्री तर नाहीच. राधानगरला जाळी लावलेल्या पट्ट्यातच पोहा. सूचनाफलक असेल तिथे 'स्थानिक मुलं तर पोहतायत' हा युक्तिवाद करू नका. जीवरक्षकाने शिटी मारली की बाहेर.

दुसरा छोटा पण चिवट त्रास वाळूमाशीचा. दिसत नाही इतकी बारीक. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर पाय उघडे ठेवून बसलं की चावते, खाज दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि आठवडाभर टिकते. खाजवलं की जखम चिघळते. पायांना खोबरेल तेलाचा जाड थर लावला तर माशी चिकटते, चावत नाही. वाळूवर थेट लोळण्याऐवजी खुर्ची किंवा जाड चादर बरी.

वल्हं

ज्येष्ठांसाठी: गाळायचं ते नैसर्गिक पूल (निसरडे, धारदार खडक, गुडघ्यांना अवघड) आणि एलिफंट बीच (होडीतून गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं). राधानगर, हॅवलॉकचाच काला पत्थर किनारा, नीलचं लक्ष्मणपूर आरामात होतं. सेल्युलर जेलमध्ये जिने आहेत, पण तळमजला, प्रांगण आणि संग्रहालय सपाटीवर आहे. सात भुजांपैकी तीनच उरल्या आहेत. सावरकरांची कोठडी वरच्या मजल्यावर आहे आणि बहुतेक मराठी माणसाला तिथे जायचंच असतं. म्हणून सकाळी, ऊन चढायच्या आत, हळूहळू चढा. १९११ ते १९२१ हा काळ त्यांनी अंदमानात काढला. तिथे घाई करू नये, दोन तास राखून ठेवा.

बोटीवर मळमळ होणाऱ्यांनी गोळी बोट सुटायच्या अर्धा-एक तास आधी घ्यायची. मळमळ सुरू झाल्यावर घेतली तर पोटात राहत नाही. नेहमीची औषधं चालू असतील तर कोणती गोळी चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. खालच्या मजल्यावर, मधल्या रांगांत बसा. तिथे हेलकावा सगळ्यात कमी. उपाशीपोटी नको, तेलकट खाऊनही नको. फोनमध्ये बघू नका, क्षितिजाकडे बघा.

निवांत_भटक्या

तिकिटांचं थोडं. खाजगी कॅटमरन (जोडबुडाची वेगवान बोट) पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक दीड तासात नेते, सरकारी बोटीला दोन ते अडीच तास. सरकारी बोट स्वस्त, आणि तिच्या डेकवर उभं राहता येतं. बंद काचेच्या कॅटमरनमध्ये ते सुख नाही. पण सरकारी जागा लवकर संपतात. खाजगीचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. तिकिटावर जेट्टीचं नाव नीट वाचा, पोर्ट ब्लेअरला एकाहून जास्त धक्के आहेत आणि चुकीच्या धक्क्यावर गेलं की बोट हमखास चुकते. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं, लहान मुलांचंसुद्धा. तासभर आधी पोचा.

मोसम : डिसेंबरअखेर ते एप्रिल. त्यातही फेब्रुवारी-मार्चला समुद्र सगळ्यात शांत. मेच्या उत्तरार्धात मोसमी पाऊस येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरला बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे पट्टे तयार होतात, तेव्हा तीन-तीन दिवस बोटी बंद राहू शकतात. दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी एकाऐवजी दोन दिवस राखीव ठेवा.

२०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आल्यापासून फोन-इंटरनेट पूर्वीपेक्षा खूप सुधारलंय. तरी नीलवर रोख पैसे घेऊनच उतरा.

सागरगोटा

एक राहिलं होतं. शिंपले, शंख, प्रवाळाचे तुकडे उचलून आणू नका, किनाऱ्यावर मेलेले पडलेले असले तरी. प्रवाळ आणि बऱ्याच जातींचे शंख वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. विमानतळावर बॅग तपासताना ते क्ष-किरणांत स्पष्ट दिसतात. तिथे काढून घेतात ते सोडाच, गुन्हाही नोंदवला जाऊ शकतो. दुकानातून शंखाची वस्तू घेतली तर पावती जपून हातातल्या बॅगेत ठेवा. रिकाम्या शंखात खेकडे घर करतात. संध्याकाळी वाळूवर चालणारे शंख दिसतील, ते तेच.

शंखपुष्पी

फेब्रुवारीतल्या एका आठवड्याचा तक्ता काढला. नीलवरच्या दिवशी ओहोटी सकाळी ९:१० ला आहे, ०.९ मीटर. अष्टमीच्या दुसऱ्या दिवशी. पूल जमेल का?

वल्हं

भांगाची ओहोटी आहे, खडक अर्धवटच उघडे पडतील. पूल लांबून दिसेल, डबक्यांतून चालत जाणं कठीण. तारखा हलवता येत असतील तर सगळा कार्यक्रम पाच-सहा दिवसांनी पुढे ढकला, अमावास्या किंवा पौर्णिमा जवळ येईल. हलवता येत नसतील तर पूल सोडा. त्या सकाळी भरतपूरला काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ बघा आणि साडेबारानंतर पाणी भरायला लागलं की पोहा. भांगाचं पाणी नितळ असतं, स्नॉर्केलिंगला तो दिवस फार चांगला आहे. दुपारची परतीची बोट तीननंतरची घ्या.